मंडईची तारीख कोण ठरवतं? सण-जत्रांचा इतिहास शोधताना विचारायचा पहिला प्रश्न



मागच्या दिवाळीत मामाच्या घरी माळ्यावरचं सामान खाली काढताना एका पत्र्याच्या पेटीत नाटकाचं जुनं पत्रक सापडलं. गुलाबी कागद, घडीवर फाटलेला. वर गावाचं नाव आणि ‘मंडईनिमित्त’. मध्ये नाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत. खाली ‘रविवार दि. ७ नोव्हेंबर, रात्री ठीक १० वाजता’. तिकिटाचे दर : खुर्ची ३ रुपये, जमीन १ रुपया. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता. वर्ष मात्र कुठेच नाही.

छापणाऱ्याला तरी वर्ष लिहायची गरज कशाला वाटेल? पत्रक आठ दिवस भिंतीवर टिकलं की काम झालं. ते पन्नास वर्षांनी कोणी हातात घेऊन बसेल, हे त्याच्या मनातही आलं नसणार. पण आपल्याला तर नेमकं वर्षच हवं असतं.

आजची पोस्ट या पत्रकाबद्दल आहे, आणि त्याहून जास्त एका प्रश्नाबद्दल. एखादा सण, जत्रा किंवा वार्षिक कार्यक्रम यावर संशोधन करायचं म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘हे कधी सुरू झालं?’ मीही तोच विचारला होता आणि त्यात जवळजवळ एक वर्ष घालवलं. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : याची तारीख कोण ठरवतं?

विज्ञानाची विद्यार्थिनी जत्रांमध्ये कशी पोहोचली

माझं एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं. पीएच.डी.ची सुरुवात भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या जुन्या वाणांपासून केली. कोणता वाण कधी पेरायचे, कधी कापायचे, किती दिवसांत यायचा, असे साधे प्रश्न घेऊन मी गावोगावी बसत होते. उत्तरं मात्र महिन्यांत यायची नाहीत. ‘पोळ्याला फुलोरा यायचा.’ ‘मंडईच्या आधी कापून व्हायचा.’ ‘शंकरपटापर्यंत पुंजणे उभे राहायचे.’

मी काय केलं? एक्सेलमध्ये ‘मंडई’ या शब्दासमोर ‘नोव्हेंबरचा पहिला आठवडा’ असं लिहून टाकलं आणि पुढे गेले. सत्तर-ऐंशी नोंदी झाल्यावर गाईड मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, ‘ही तारीख तुला कोणी दिली?’ कोणीच दिली नव्हती. मीच ठरवली होती. तिथून मी धान सोडून पंचांगाकडे वळले, आणि आता प्रबंधाचा अर्धा भाग तिथेच गेला आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा बराच भाग आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला भाजीबाजार आठवतो. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावात एका दिवसासाठी भरणारी जत्रा. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, खडी गंमत. घरोघरी पाहुणे. रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. मुलीकडचे आणि मुलाकडचे लोक याच गर्दीत एकमेकांना ‘सहज’ भेटतात आणि उन्हाळ्यातल्या लग्नाची बोलणी इथे सुरू होतात. भाऊबीज झाली की भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उभे राहून बघा. पिशव्या, नवे कपडे, कडेवर पोरं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच : ‘आज कुठची मंडई?’

आज कुठची? म्हणजे रोज कुठली ना कुठली असतेच. या प्रश्नातच आपलं उत्तर आहे. पण त्याआधी चंद्राकडे जावं लागेल.

पहिली तारीख : चंद्राची

काही कार्यक्रमांची तारीख तिथीने ठरते. त्यात कोणी बदल करू शकत नाही. माडगीला वैनगंगेच्या पात्रातल्या खडकावर नृसिंहाचं मंदिर आहे, तिथली यात्रा कार्तिक पौर्णिमेची. मोहाडीच्या चौंडेश्वरीला गर्दी नवरात्रात. नदीपलीकडे नागपूर जिल्ह्यातल्या आंभोऱ्याला, जिथे वैनगंगेला कन्हान, आम आणि इतर नद्या मिळतात, तिथे महाशिवरात्र. यांचं वर्ष माहीत असेल तर तारीख काढता येते.

गणित सोपं आहे. बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. म्हणून दिवाळी दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. असंच सरकत राहिलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून अधिक महिना घालतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी पुन्हा ८ नोव्हेंबरवर उडी मारते.

आता एक उपयोगी युक्ती लिहून ठेवा. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी आहे, फरक अवघा दोन तासांचा. म्हणून तिथी दर १९ वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास परत येते. १९९४ चं लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होतं, २०१३ चंही ३ नोव्हेंबरलाच. २००५ चं १ नोव्हेंबरला, २०२४ चंही १ नोव्हेंबरलाच. जुनं पंचांग हाताशी नसेल तर १९ मिळवा किंवा वजा करा, एखाद्या दिवसाच्या फरकाने अंदाज येतो. हा अंदाजच आहे हे विसरू नका. प्रबंधात लिहिताना त्या वर्षाचं पंचांग किंवा अमावास्येची खगोलीय वेळ पाहूनच लिहा.

दुसरी तारीख : धानाची

धान चंद्राला विचारत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पऱ्हे टाकले तर ११५ दिवसांचा हलका वाण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कापायला येतो. १४५ दिवसांचा भारी वाण नोव्हेंबरच्या मध्यानंतर. जुन्या भारी वाणांची तर आणखी एक गंमत आहे. त्यांतल्या अनेकांना दिवस लहान होत गेल्याशिवाय फुलोराच येत नाही. पेरणी चार-आठ दिवस पुढेमागे झाली तरी ते निसवतात साधारण त्याच सुमारास. म्हणजे वनस्पती सूर्याच्या कॅलेंडरवर चालते आणि दिवाळी चंद्राच्या.

याचा अर्थ काय होतो ते बघा. दिवाळी १२ नोव्हेंबरला आली तर हलका धान घरात आलेला असतो आणि भाऊबीजेनंतर लगेच भारी धानाची कापणी लागते. दिवाळी २१ ऑक्टोबरला आली तर हलका नुकताच पिवळा झालेला आणि भारी पूर्ण उभा. ‘पीक घरात आलं की मंडई’ असं आपण सहज म्हणून टाकतो, लेखातही लिहितो. पण काही वर्षी पीक घरात यायच्या आधीच मंडई लागते. हातात पैसा नसतो, उधारीवर पाहुणचार होतो. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘कोणत्या वर्षीची मंडई चांगली झाली?’ तो नाटकाचं नाव सांगेल, पण त्याआधी बहुतेक धान सांगेल.

शंकरपट मात्र खऱ्या अर्थाने धानाच्या तारखेवर चालतो. बैलजोड्यांची शर्यत, तीही धावपट्टी मोकळी असल्याशिवाय होत नाही. भारी धान कापून, बांधून, चुरून झाल्यावर बांध्या रिकाम्या होतात, बैलांना काम नसतं आणि शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. म्हणून पट पौष-माघात. पटालाही रात्री नाटक असतंच.

आता माझ्या तक्त्याची चूक तुमच्या लक्षात आली असेल. ‘मंडईच्या आधी कापायचा’ हे वाक्य सांगणाऱ्यासाठी अगदी बरोबर होतं. मी त्याला एक ठरावीक आठवडा चिकटवला तेव्हा ते खोटं झालं. तीन आठवड्यांचा फरक असलेल्या वर्षांची मी एकच तारीख केली होती.

तिसरी तारीख : शेजारच्या गावाची

मग मंडई नेमकी कोणत्या दिवशी? भाऊबीजेपासून हंगाम सुरू होतो, एवढं चंद्राने ठरतं. पुढे प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, आणि तो शेजारच्या गावांशी जुळवून घेतलेला असतो. दोन जवळच्या गावांची मंडई एकाच दिवशी आली तर दुकानदार कुठे जाणार, नाटकाला गर्दी कुठून येणार, आणि बहीण या गावात नि साडू त्या गावात असलेल्या माणसाने जेवायचं कुठे? म्हणून कोणाची भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, कोणाची अमुक वारी, कोणाची आठवडी बाजाराला धरून. मामाच्या गावची भाऊबीजेनंतरच्या पहिल्या शनिवारी.

हे वेळापत्रक कुठल्याही पंचांगात नसतं. ते लोकांच्या डोक्यात असतं. आणि एका गावाचा दिवस कळला तरी पुरत नाही, कारण त्याचं कारण शेजारच्या गावात असतं. मला हे उशिरा कळलं. मी एकेका गावाची मुलाखत घेत होते. खरं तर वीस-पंचवीस गावांचा एक नकाशा घेऊन त्यावर भाऊबीजेपासूनचे दिवस लिहायला हवे होते. तसं केल्यावर कोणतं गाव कोणत्या गावाला सांभाळून घेतं हे डोळ्यांना दिसू लागतं. सोयरिकीचे रस्ते, बाजाराचे रस्ते आणि मंडईचे दिवस एकमेकांवर ठेवून पाहता येतात.

आता ते गुलाबी पत्रक काढू. ते मामाच्या गावचं नव्हतं, दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावचं होतं. रविवार, ७ नोव्हेंबर. ७ नोव्हेंबरला रविवार कोणकोणत्या वर्षी आला? १९६५, १९७१, १९७६, १९८२, १९९३, १९९९, २००४, २०१०. आठ वर्षं हाती आली.

मंडई दिवाळीनंतरच असते. १९८२ मध्ये लक्ष्मीपूजन १५ नोव्हेंबरला, १९९३ मध्ये १३ ला, २००४ मध्ये १२ ला. या तिन्ही वर्षी ७ तारखेला दिवाळी यायचीच होती, म्हणून ती बाद. १९९९ मध्ये ७ नोव्हेंबर हाच लक्ष्मीपूजनाचा दिवस, तेव्हा तेही बाद. २०१० मध्ये १ रुपयात जमिनीवर बसून कोणी नाटक दाखवत नव्हतं. उरली तीन वर्षं, १९६५, १९७१ आणि १९७६. या तिन्ही वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच झाली होती.

पुढची वाट छापखान्याच्या पत्त्याने दाखवली. पत्त्यात सहा आकडी पिन कोड आहे. भारतात पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे १९६५ आणि १९७१ गेले, आणि उरलं १९७६.

पिन कोडाला नाटकाशी काही घेणंदेणं नाही. पण संशोधनात पुष्कळदा उत्तर मजकुरात नसतं, मजकुराच्या कडेला असतं. म्हणून पत्रकाचा फोटो काढताना फक्त मधलं मोठं नाव काढू नका. चारही कोपरे आणि मागची बाजू घ्या.

चौथी तारीख : कागदाची

आतापर्यंतच्या तारखा चंद्र, पीक आणि शेजारी यांनी ठरवल्या. चौथी तारीख सरकार, न्यायालय आणि भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. ही नोंद सापडायला सगळ्यात सोपी असते, म्हणूनच तिच्यावर विसंबून राहण्याचा धोकाही सगळ्यात जास्त.

शंकरपटाचंच घ्या. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर बैलांच्या शर्यती थांबल्या. महाराष्ट्रात १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. निकाल कोणालाही वाचायला मिळतात. पण २०१४ ते २०२१ हे सात हिवाळे आहेत. बंदी आली तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा परवानगी आली तेव्हा पंधरा वर्षांचा होता. जोडी कशी निवडायची, पटासाठी कशी तयार करायची, धुरकऱ्याने बसायचं कसं, हे ज्या वयात बघत-बघत येतं ते वय मधल्या मध्ये गेलं. प्राण्यांच्या बाजूने मांडलेले मुद्दे गंभीर आहेत आणि त्यावर तुमचं मत काहीही असू शकतं. संशोधक म्हणून आपल्याला विचारायचं ते हे : या सात हिवाळ्यांत पटाबरोबर आणखी काय थांबलं? पटाच्या रात्रीचं नाटक कुठे गेलं? त्या दिवशी माहेरी येणाऱ्या लेकी कोणत्या दिवशी यायला लागल्या? निकालपत्रात हे नसणार. ते विचारायला माणसांकडेच जावं लागेल, आणि लवकर.

दुसरं उदाहरण जास्त जड आहे. गुरं राखणारा गोवारी समाज आमच्या दिवाळीच्या केंद्रस्थानी असतो. पाडव्याला गायगोधन असतं, सजवलेली उंच ढाल घेऊन ते नाचत येतात, आणि ढाल पुढे मंडईतही दिसते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. वर सांगितलंच की त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३ नोव्हेंबरला होतं. म्हणजे ढालीची दिवाळी होऊन वीसच दिवस झाले होते, आणि झाडीपट्टीत मंडईचे दिवस चालू होते.

आज नागपूरच्या गोवारी शहीद स्मारकावर दरवर्षी लोक जमतात ते २३ नोव्हेंबरला. तिथीने नाही, तारखेने. एकाच समाजाच्या वर्षात ढाल चंद्राच्या तारखेवर येते आणि स्मरण इंग्रजी तारखेवर. काही वर्षी दोन्ही जवळ येतात, काही वर्षी लांब जातात. का? वर्तमानपत्र, पोलीस, चौकशी, न्यायालय या सगळ्या कागदांवर जी तारीख लागली ती लोकांच्या स्मरणाची तारीख झाली, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे. तपासायची पद्धत म्हणून नागपूरचंच दुसरं उदाहरण शेजारी ठेवते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा विजयादशमी होती. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिन अशोक विजयादशमीलाही पाळतात आणि १४ ऑक्टोबरलाही. एकाच घटनेला दोन वर्धापनदिन. कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत कोणता दिवस मोठा, हा एका एम.ए.च्या प्रकल्पाचा विषय सहज होईल.

छापील साधनं वापरताना

आता थोडं परीक्षेच्या आणि प्रस्तावाच्या उपयोगाचं.

पहिलं, ‘भंडारा जिल्हा’ हा शब्द वर्षासोबत वाचा. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या ‘भंडारा’ या आकड्यात गोंदिया आहे. हा जिल्हा आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. राजधानी बदलली की कागदही हलतात. त्यामुळे तुमचा कागद मुंबईत मिळाला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. नागपूर आणि भोपाळ दोन्हीकडे चौकशी करा.

दुसरं, १९०८ चं इंग्रजी गॅझेटियर, १९६१ च्या जनगणनेबरोबर निघालेला महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा खंड आणि १९७९ चं सुधारित गॅझेटियर ही तिन्ही पहा. पण प्रत्येक वेळी विचारा की नोंद घेणाऱ्याच्या हातातल्या तक्त्यात कोणते रकाने असतील. गाव, देवस्थान, महिना-तिथी, किती दिवस, किती माणसं. माडगीची यात्रा अशा तक्त्यात नीट बसते. मंडईला ना एक देव, ना एक तिथी, ना एक गाव. ती प्रत्येक रकान्यातून थोडी-थोडी सांडते. तक्त्यात कमी दिसणं आणि प्रत्यक्षात कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं, लोकांच्या हातातले कागद. नाटक मंडळांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आहेत. तिथे गावं येतात, नाटक ठरवतात, विसार देतात. बुकिंगच्या डायऱ्या, पत्रकं, मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या यांत मंडईचं वेळापत्रक दडलेलं आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर केलेलं काम त्याआधी वाचून जा, म्हणजे समोरचा माणूस काय बोलतोय ते तरी कळेल.

आणि चौथं, जिथे गावच उरलं नाही तिथे काय? गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. पाण्याखाली गेलेल्या गावांचं पुनर्वसन झालं. नव्या जागी शेजारचं गाव नवं. मग जुन्या शेजाऱ्यांशी जुळवलेला मंडईचा दिवस तिथे कोणी नेला, कोणी बदलला, कोणी सोडला? तारीख शेजारी ठरवतो हे खरं असेल तर शेजारी बदलल्यावर काय होतं, हे तपासायला याहून चांगली जागा नाही.

आजी काय म्हणाली

शेवटी घरातली गोष्ट. माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै १९७१ आहे. मास्तरांनी घातलेली. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून जून-जुलैची तारीख टाकायची तेव्हा पद्धतच होती. तुमच्याही घरात १ जूनचे, १ जुलैचे दोन-तीन वाढदिवस निघतील.

मी आजीला धानाचे वाण विचारत होते, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. मध्येच ती म्हणाली, ‘मंडईच्या दुसऱ्या रोजी झाली तुही माय. पाहुने घरात आन् मी बाजंवर. तवा हलका धानबी कापला नोहता.’ मग पुन्हा वाणांबद्दल बोलायला लागली. मी पण वाणांचंच विचारत राहिले.

पुढे सहा महिन्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या लक्षात आलं की आजीने दोन तारखा एका वाक्यात दिल्या होत्या, एक मंडईची आणि एक धानाची. हलका धान उभा असताना मंडई, म्हणजे दिवाळी फार अलीकडे आलेलं वर्ष. १९६९ ची दिवाळी ९ नोव्हेंबरला आणि १९७२ ची ५ नोव्हेंबरला, ही दोन्ही जमत नाहीत. १९६८ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि १९७१ मध्ये १८ ऑक्टोबरला. या दोनांपैकी एक. रेकॉर्डिंगमध्ये पुढे आणखी एक वाक्य आहे. सरपंचाच्या पडवीत लोक रेडिओ ऐकायला जमायचे, लढाई चालू होती, आणि पोर कुशीत घेऊन तीही दारात उभी राहायची. बांगलादेशची लढाई ३ ते १६ डिसेंबर १९७१. तेव्हा वर्ष १९७१.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन सोमवारी. भाऊबीजेनंतरचा पहिला शनिवार २३ ऑक्टोबर. दुसऱ्या रोजी आई. रविवार, २४ ऑक्टोबर १९७१.

एक गोष्ट मात्र पक्की नाही. मंडई शनिवारी, हा नियम आजचा. तो १९७१ मध्येही होता का? मामा म्हणतो, ‘आधी बहुतेक बाजार दुसऱ्या वारी भरायचा.’ बहुतेक. आजी नक्की सांगू शकली असती. मला हा प्रश्न सुचला तेव्हा ती नव्हती. म्हणून माझ्या वहीत वर्षासमोर बरोबरची खूण आहे आणि तारखेसमोर प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मी खोडणार नाही.

आईला सगळं गणित सांगितलं. ती अंगणवाडीत आहे. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग रिटायरमेंट चार महिने पुढं जाते का?’ नाही जात. कागदाची तारीख ती कागदाची तारीख.

या दिवाळीत घरी जाल तेव्हा एवढं करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा. ‘तुमचा जन्म कधीचा’ असं विचारू नका, त्याचं उत्तर दाखल्यावरचंच येईल. विचारा, ‘तेव्हा शेतात काय उभं होतं? कोणता सण झाला होता? घरात कोण आलं होतं?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख घालायची घाई करू नका. गणित नंतर कधीही करता येतं.